तबकडीची मागची बाजू

जानेवारीतली गोव्याची संध्याकाळ. मोकळ्या मैदानात लाकडी खोक्यांचे दोन उंच मनोरे, त्यांच्या मधे एक टेबल, टेबलावर टर्नटेबल आणि मागे एक तरुण मुलगा. थोड्या वेळाने सत्तरीकडे झुकलेला एक जमैकन गायक माईक घेऊन आला आणि त्या टेबलाशेजारीच उभा राहिला. ड्रम नाही, गिटार नाही, कीबोर्ड नाही. माझ्याबरोबर पुण्याहून आलेल्या मामेभावाने कानाशी लागून विचारलं, “बँड कुठंय? ट्रॅकवर गाणार का हे?”

त्याची नाराजी मला समजत होती. आपल्याकडे ट्रॅकवर गाणं म्हणजे हौशी मंडळींचा कराओके. एवढा जुना, नावाजलेला गायक वादकांशिवाय आला म्हणजे संयोजकांनी पैसे वाचवले असणार, असं कुणालाही वाटेल. रेगेच्या, म्हणजे जमैकात जन्मलेल्या या संथ ठेक्याच्या संगीताच्या बाबतीत मात्र गोष्ट उलटी आहे. एक गाणारा, एक तबकडी लावणारा आणि समोर स्पीकरची भिंत, हे रेगेचं मूळ घर. गावोगाव फिरणारे बँड नंतरचे. त्या गोंगाटात हे त्याला नीट सांगता आलं नाही, म्हणून आता सविस्तर लिहितोय.

सुरुवात ‘डीजे’ या शब्दापासून करावी लागेल, कारण सगळा घोळ तिथेच आहे. आपल्याकडे ‘डीजे लावला’ म्हणजे स्पीकरची भिंत लावली. कोल्हापूर-सांगलीकडे तिलाच डॉल्बी म्हणतात. बाहेरच्या जगात डीजे म्हणजे गाणी लावणारा माणूस. आणि जमैकात डीजे म्हणजे तबकडीला हातही न लावता माईकवर ठेक्यात बोलणारा माणूस! तबकड्या निवडून लावतो त्याला तिथे सिलेक्टर म्हणतात. सूर लावून गातो तो सिंगर. अ‍ॅम्प्लिफायर सांभाळतो, आवाजाचे नॉब फिरवतो तो ऑपरेटर. ही सगळी माणसं, त्यांची खोकी, तबकड्यांच्या पेट्या, वायरींची भेंडोळी, ट्रक आणि खोकी चढवणारी-उतरवणारी पोरं मिळून जे होतं ते साउंड सिस्टीम. बोलताना लोक नुसतं ‘साउंड’ म्हणतात. ‘आमचा साउंड’ या शब्दांत जो अभिमान असतो तो आपल्याला ‘आमचं पथक’ म्हणताना ऐकू येतो, तसाच. या लेखात मी जमैकन अर्थच पाळतो. लावणारा तो सिलेक्टर, बोलणारा तो डीजे.

आता मागे जाऊ, १९४० च्या दशकाच्या शेवटाकडे. जमैका तेव्हा ब्रिटिशांची वसाहत. राजधानी किंग्स्टनमधल्या हॉटेलांत आणि क्लबांत वाद्यवृंद वाजत, पण पश्चिम किंग्स्टनच्या वस्त्यांतल्या माणसाला तिथलं तिकीट परवडणारं नव्हतं. घरात ग्रामोफोन असणं ही चैन होती. मग काही खटपट्या माणसांनी मोठाले अ‍ॅम्प्लिफायर बांधून घेतले, कपाटाएवढी स्पीकरची खोकी केली आणि मोकळ्या अंगणांत, ज्याला तिथे ‘लॉन’ म्हणतात, अमेरिकन रिदम अँड ब्लूजच्या तबकड्या लावायला सुरुवात केली. दारात थोडे पैसे घ्यायचे, आत बिअर आणि खाणं विकायचं. टॉम वाँग नावाचा एक हार्डवेअर दुकानदार ‘टॉम द ग्रेट सेबॅस्टियन’ या भारदस्त नावाने असा साउंड चालवायचा. त्याच्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर बांधणारा हेडली जोन्स हा युद्धकाळात ब्रिटिश हवाई दलात रडारचं काम शिकून आलेला माणूस होता. मला ही जोडी फार महत्त्वाची वाटते. रेगेच्या इतिहासात पहिल्या दिवसापासून गायकाइतकाच मान इलेक्ट्रॉनिक्सच्या कारागिराला आहे.

१९५० च्या दशकात दोघे जण पुढे आले. ड्यूक रीड हा माजी पोलीस, दारूच्या दुकानाचा मालक. क्लेमंट डॉड ऊर्फ ‘कॉक्सन’ हा फ्लोरिडात ऊसतोडीला गेलेला आणि येताना तबकड्या घेऊन आलेला. दोघांची चुरस अशी, की ज्याच्याकडे दुसऱ्याकडे नसलेली तबकडी त्याच्याकडे गर्दी. म्हणून तबकडी आणली की पहिल्यांदा तिच्या मधला कागद खरवडून काढायचा. गाण्याचं नाव, गायकाचं नाव, कंपनी, काहीच दिसता कामा नये. एका अमेरिकन सॅक्सोफोनवादकाची तबकडी डॉड ‘कॉक्सन हॉप’ या आपल्याच नावाने वाजवायचा. ती मुळात कुणाची, हे शोधून काढायला रीडला कितीतरी काळ लागला.

पन्नाशीचं दशक संपता संपता अमेरिकेची चव बदलली. रॉक अँड रोल आला आणि किंग्स्टनला नाचायला आवडायची तसली गाणी तिकडून येईनाशी झाली. तबकडी मिळत नसेल तर साउंड चालणार कसा? मग रीड आणि डॉड यांनी गावातलेच गायक-वादक स्टुडिओत नेले. सुरुवातीला ही ध्वनिमुद्रणं विकण्यासाठी नव्हतीच. एखाददुसरी प्रत काढायची आणि शनिवारी आपल्या अंगणात वाजवायची. लोक वेडे झाले तर पुढे छापून विकायची. जमैकाचा सगळा संगीतउद्योग या गरजेतून जन्मला. स्का या जलद लयीच्या नाचाच्या संगीताचा जोर ६ ऑगस्ट १९६२ ला देश स्वतंत्र झाला त्याच सुमाराचा. १९६३ मध्ये डॉडने ‘स्टुडिओ वन’ उघडला. १९६६ च्या सुमारास लय मंदावून रॉकस्टेडी झालं आणि १९६८ मध्ये रेगे. बॉब मार्ली आणि त्याचे साथीदारही स्टुडिओ वनच्याच पायऱ्या चढून आले. आपल्याला रेगे कळला तो १९७० च्या दशकात मार्लीच्या बँडमुळे, म्हणून आपल्या डोळ्यासमोर रेगे म्हटलं की गिटार आणि ड्रम येतात. स्टुडिओत अव्वल वादक होतेच, त्यांच्याशिवाय काही घडलं नसतं. पण किंग्स्टनच्या सामान्य माणसाने हे संगीत ऐकलं ते खोक्यांसमोर उभं राहून.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यात प्रिय आहे.

साठीच्या दशकाच्या अखेरीस स्पॅनिश टाउन गावात रडी रेडवुड नावाचा एक साउंडवाला होता. ड्यूक रीडच्या स्टुडिओतून त्याला नव्या गाण्यांच्या खास प्रती मिळायच्या. अशी प्रत म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर मऊ लाखेसारखा थर दिलेली तबकडी. तिला अ‍ॅसिटेट किंवा डबप्लेट म्हणतात. कारखान्यात छापलेली नसते, एकेक कोरलेली असते, आणि मऊ असल्यामुळे दर वेळी सुई फिरली की थोडी थोडी झिजत जाते. एके दिवशी द पॅरागॉन्स या त्रयीच्या ‘ऑन द बीच’ या गाण्याची प्रत कोरताना तंत्रज्ञाकडून गायकांचा आवाज घ्यायचा राहून गेला. तबकडीवर नुसती वाद्यं आली. रेडवुडने ती टाकून दिली नाही. रात्री नाचात आधी गाण्याची प्रत लावली, लोकांच्या ओठांवर शब्द बसू दिले आणि मग बिनआवाजाची प्रत लावली. समोरचा अख्खा जमाव गायला लागला.

गायक नाही आणि गाणं चालू आहे, अशी ती अवस्था. तबकडीवर एक जागा रिकामी राहिली होती आणि ती भरायला माणसं आपणहून धावली. साउंडवाल्यांना हे लगेच उमगलं. थोड्याच वर्षांत जमैकातल्या सात इंची तबकड्यांची रीतच ठरून गेली. पुढच्या बाजूला गाणं, मागच्या बाजूला त्याच गाण्याची बिनआवाजाची ‘व्हर्जन’. ही मागची बाजू कोरी पाटी असल्यासारखी होती. तिच्यावर कुणीही यावं आणि आपलं काही लिहावं.

लिहिणारे आधीपासून तयार होते. काउंट मचुकी हा पन्नाशीच्या दशकातला पहिला मोठा डीजे. अमेरिकन रेडिओवरचे निवेदक ज्या चटपटीत लयीत बोलायचे तसं तो दोन गाण्यांच्या मधे आणि गाण्याच्या सुरुवातीला बोलायचा. हे बोलणं म्हणजे ‘टोस्टिंग’. त्याच्यानंतरचा यूर्ट बेकफर्ड, म्हणजे यू-रॉय, जन्म १९४२. हा ‘किंग टबीज होम टाउन हाय-फाय’ या साउंडवर बोलायचा. तिथे त्याला मागच्या बाजूची पूर्ण लांबी मिळाली, तीन-तीन मिनिटं मोकळी. पॅरागॉन्समधल्या जॉन होल्टने एका नाचात यू-रॉयला आपल्याच गाण्याच्या वाद्यांवर बोलताना ऐकलं आणि राग धरायचा सोडून तो थेट ड्यूक रीडकडे गेला. या माणसाला स्टुडिओत आण म्हणाला. १९७० मध्ये यू-रॉयच्या तीन तबकड्या एकाच वेळी जमैकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या तीन क्रमांकांवर होत्या. तोवर बोलणारा माणूस म्हणजे गाणी लावणाऱ्याचा मदतनीस. त्या वर्षापासून तो कलावंत झाला. २०२१ मध्ये यू-रॉय गेला तोवर त्या गोष्टीला पन्नास वर्षं झाली होती आणि शेवटपर्यंत लोक त्याला आदराने ‘डॅडी’ म्हणत.

ज्याच्या साउंडवर हे घडलं त्या किंग टबीबद्दल थोडं सांगायलाच हवं. खरं नाव ऑसबोर्न रडक, किंग्स्टनच्या वॉटरहाउस भागात रेडिओ आणि ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणारा. त्याने मागच्या बाजूची ही मोकळी जागा आणखी मोकळी केली. वाद्यंच काढून घ्यायची, नुसता ड्रम आणि बेस ठेवायचा, मधेच गिटारचा एक तुकडा आत सोडायचा, त्याला प्रतिध्वनी द्यायचा आणि तो विरत असतानाच बेस पुन्हा आणायचा. याला ‘डब’ म्हणतात. मिक्सिंगचं टेबल त्याने वाद्यासारखं वाजवलं. आज जगभरच्या नाचाच्या संगीतात जे रिमिक्स होतात त्यांचा एक मोठा उगम घराच्या एका खोलीत थाटलेल्या त्या स्टुडिओत आहे.

हे वाचताना कुणाला वाटेल, एकाच वाद्यमेळावर वेगवेगळी माणसं गातात म्हणजे ही नक्कल झाली. इथे ‘रिडिम’ ही कल्पना समजून घ्यावी लागते. रिडिम म्हणजे एका गाण्याच्या तळाशी असलेली बेस आणि ड्रमची वीण. तिला स्वतःचं नाव असतं आणि ती गाण्यापासून सुटी करून पुन्हा पुन्हा वापरली जाते. ‘रिअल रॉक’ हे रिडिम स्टुडिओ वनमध्ये १९६७ मध्ये वाजवलं गेलं आणि त्यावर आजवर शेकडो गाणी झाली आहेत. आपल्याकडचं जवळचं उदाहरण म्हणजे तबल्याच्या एकलवादनातला लेहरा. पेटीवाला किंवा सारंगीवाला एकच छोटी सुरावट तासभर फिरवत राहतो. ती काय आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि नेमकं म्हणूनच तबलजी तिच्यावर काय करतो याकडे आपलं लक्ष राहतं. लेहऱ्याला कुणी नक्कल म्हणत नाही. रिडिम सुरू झालं की जमैकन श्रोता पहिल्या दोन स्वरांत ते ओळखतो, आणि मग कान टवकारतो ते त्यावर आता नवीन काय येतं त्यासाठी.

ठेक्याबद्दलही दोन शब्द. एक-दोन-तीन-चार असं सावकाश मोजा. दोन आणि चारवर गिटारचा तुटक कट पडतो. ड्रमचा मोठा ठोका मात्र तीनवर, आणि एक पूर्ण मोकळा. या पद्धतीला ‘वन ड्रॉप’ म्हणतात. आपल्या कानाला समेवर वजन लागतं, इथे समच रिकामी सोडलेली असते. पहिल्यांदा ऐकताना पायाखालची पायरी नाहीशी झाल्यासारखं होतं. पाच-सात मिनिटांत शरीर ती जागा स्वतःच भरून काढतं आणि त्यातूनच रेगेचा तो संथ डोलणारा नाच येतो. तबकडीच्या मागच्या बाजूला जसा गायकासाठी रिकामा भाग आहे, तसाच ठेक्यात ऐकणाऱ्यासाठी आहे.

आता ती खोकी. मामेभावाचा दुसरा प्रश्न होता, “एवढी मोठी कशाला लागतात?” आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. बेसचा ५० हर्ट्झचा स्वर घेतला तर त्याच्या एका लहरीची लांबी जवळजवळ ७ मीटर भरते. झांजेच्या किणकिणाटातला ५००० हर्ट्झचा स्वर घेतला तर लहर जेमतेम ७ सेंटिमीटरची. छोटी लहर तळहाताएवढ्या स्पीकरमधून सहज निघते. खोलीएवढी लहर उठवायची तर भरपूर हवा ढकलावी लागते, म्हणून १८ इंची स्पीकर आणि कपाटाएवढी खोकी. साउंड सिस्टीममध्ये आवाज आधीच वेगळा केला जातो. खालचे, मधले आणि वरचे स्वर तीन वाटांनी जातात, प्रत्येकाचा अ‍ॅम्प्लिफायर निराळा, खोकी निराळी. त्यामुळे ऑपरेटर बेस पूर्ण बंद करून नुसता वरचा किणकिणाट ठेवू शकतो. लोक अर्धा मिनिट अधांतरी डोलतात आणि मग बेस परत येतो तो पोटात आणि छातीच्या पिंजऱ्यात.

चांगला साउंड मोठा असतो, पण कर्कश नसतो. बेस भरपूर आणि मधले स्वर आवरलेले, त्यामुळे खोक्यापासून दहा पावलांवर शेजाऱ्याशी बोलता येतं. आपल्याकडे विसर्जनाच्या मिरवणुकीत काचा थरथरतात आणि कान दुखतात, ते बहुतेकदा सगळेच स्वर एका पातळीवर ताणल्यामुळे. तरीही कानात बोळे घालाच. ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसतो, दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते आणि १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं उरतात. कानाची झालेली हानी भरून येत नाही. बेस कानापेक्षा अंगाने ऐकायचा असल्यामुळे बोळ्यांनी मजा अजिबात कमी होत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

त्या संध्याकाळी पुढे काय झालं ते सांगतो, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल.

सिलेक्टरने पेटीतून एक सात इंची तबकडी काढली, बाहीने पुसली आणि पुढची बाजू लावली. गायकाचंच चाळीसेक वर्षांपूर्वीचं गाणं. म्हातारा नुसता उभा राहून स्वतःच्या तरुण आवाजाला मान डोलावत होता. गाणं संपलं. टेबलावर टर्नटेबल एकच. त्यामुळे तबकडी उलटताना शांतता पडली आणि त्या शांततेत गायक बोलायला लागला. कुठून आलो, कुणी शिकवलं, आई कोणती प्रार्थना म्हणायची. बोलणं हळूहळू लयीत शिरलं. सुई मागच्या बाजूवर टेकली, दोन वेळा खरखरली आणि बेस सुरू झाला. गायकाने पहिली ओळ माईकपासून दूर धरून गुणगुणली आणि तळहात खाली दाबल्यासारखा केला. सिलेक्टरने टर्नटेबलच्या कडेची पट्टी किंचित सरकवली. बस्स, एवढंच झालं आणि मामेभावाला ते दिसलंही नाही.

पण त्या खुणेत सगळं होतं. तबकडीचा वेग साधारण ६ टक्क्यांनी कमी केला की लय मंदावते आणि सूरही अर्ध्या पायरीने उतरतो. म्हणजे गाणं काळी दोनमध्ये असेल तर ते पांढरी दोनमध्ये येतं. वय झालेल्या गळ्याला वरचा षड्ज गाठायला तेवढी सवलत पुरते. पेटीवाला ज्येष्ठ गायकाची पट्टी ओळखून आधीच अर्धा सूर खाली बसतो, तेच काम इथे सिलेक्टर करतो. संगणकावर गाणी वाजवताना लय आणि पट्टी सुटी करता येते. तबकडीवर दोन्ही एकमेकांना बांधलेली असतात, त्यामुळे संथ झालेलं गाणं आपोआप गंभीरही होतं आणि वयाला शोभतं.

मग गायक गायला. पहिलं कडवं जुनं, दुसरं त्याच चालीवर तिथल्या तिथे रचलेलं. त्यात गोव्याचं नाव आलं, समुद्र आला. ओळीच्या शेवटच्या शब्दावर सिलेक्टरने नॉब फिरवला आणि तो शब्द मागे मागे घुमत गेला. पूर्वी हा प्रतिध्वनी फिरत्या टेपवर मिळायचा. एक हेड आवाज नोंदवायचं आणि थोड्या अंतरावरची दुसरी हेडं तोच आवाज थांबून थांबून परत ऐकवायची. गायक त्या घुमण्याची वाट बघायचा आणि ते विरलं की पुढची ओळ उचलायचा. म्हणजे नॉब फिरवणारा हात हाच त्याचा साथीदार. ट्रॅकवर गाताना ट्रॅक तुमच्यासाठी थांबत नाही. इथे थांबत होता.

आणि मग लोक ओरडले. कुणी खोक्याच्या लाकडावर हात आपटले, कुणी शिट्ट्या मारल्या. गायकाने हात वर करून गोल फिरवला. सिलेक्टरने तबकडीवर बोटं टेकवून ती उलटी ओढली, खर्रकन आवाज झाला, आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून. याला ‘पुल-अप’ किंवा ‘रिवाइंड’ म्हणतात. आपल्याकडे नाट्यगीताला जोरदार ‘वन्स मोअर’ पडला की गायक नटांना पुन्हा गावं लागायचं. इथे लोक गाणं संपेपर्यंतही थांबत नाहीत.

एकच टर्नटेबल का, हा प्रश्न अनेकांना पडतो. क्लबमध्ये दोन असतात, कारण एक गाणं दुसऱ्यात खंड न पडता मिसळायचं असतं. जुन्या वळणाचे साउंड मुद्दाम एकच ठेवतात. लंडनचा जा शाका आयुष्यभर एकावरच वाजवत राहिला. दोन गाण्यांमधला खंड त्यांना उणीव वाटत नाही. तिथे माणूस बोलतो, तिथेच तो लोकांशी जोडला जातो.

लंडनचा विषय निघालाच आहे तर ते थोडक्यात. १९४८ मध्ये ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज लंडनजवळच्या टिलबरी बंदराला लागलं आणि कॅरिबियन लोकांची ब्रिटनमधली वस्ती वाढू लागली. क्लबच्या दारात काळ्या माणसाला अडवलं जायचं, म्हणून त्यांनी तळघरांत आणि घरांत आपले नाच भरवले आणि त्यासाठी साउंड बांधले. ड्यूक विन हा त्यांतला आद्य, तो १९५४ मध्ये जहाजात लपून आला होता. १९७९ मध्ये उभा राहिलेला ‘चॅनल वन’ हा साउंड तर माझ्या मते या जोडगोळीचा उत्तम नमुना आहे. मायकी ड्रेड तबकड्या लावायचा, रास केलेब माईकवर. नॉटिंग हिल कार्निव्हलमध्ये ही दोन माणसं रस्ता भरून टाकायची, तेही दशकानुदशकं. अमेरिकेकडे गेलेली फांदी तर सगळ्यांना माहीत आहे. किंग्स्टनमध्ये जन्मलेला आणि लहानपणी न्यूयॉर्कला गेलेला कूल हर्क, न्यूयॉर्कच्याच ब्राँक्स भागात त्याने तबकड्या लावलेली ११ ऑगस्ट १९७३ ची पार्टी आणि तिथून पुढे हिप-हॉप. मुंबईच्या गल्ल्यांतून आज जे रॅप ऐकू येतं त्याची पणजी किंग्स्टनच्या अंगणात सापडते.

रिडिम नेहमी स्टुडिओतल्या वादकांकडूनच येतं असंही नाही. कॅसिओने १९८१ मध्ये एमटी-४० नावाचा छोटा कीबोर्ड काढला. त्यातले तयार ठेके हिरोको ओकुदा या तरुणीने बसवले होते. तिने संगीत महाविद्यालयात रेगेवरच प्रबंध लिहिला होता. त्यातला ‘रॉक’ नावाचा ठेका किंग्स्टनमध्ये वेन स्मिथ या गायकाच्या हाती लागला. किंग जॅमी या साउंडवाल्या निर्मात्याने तो संथ केला आणि १९८५ च्या फेब्रुवारीत साउंड क्लॅशमध्ये, म्हणजे दोन साउंडच्या समोरासमोरच्या सामन्यात, ‘स्लेंग टेंग’ वाजवलं. जमैकाचं संगीत त्या रात्रीनंतर संगणकाकडे वळलं. रेगे शिकलेल्या एका जपानी मुलीने बसवलेला ठेका इतका लांबचा प्रवास करून पुन्हा रेगेच्याच घरी पोचला, हे आठवलं की मला अजून आनंद होतो.

भारतात हे सगळं उशिरा आलं. दिल्लीच्या ‘रेगे राजाज’ने २००९ पासून इथे साउंड सिस्टीमची रीत रुजवली आणि २०१६ पासून गोव्यात ‘गोवा सनस्प्लॅश’ हा रेगेचा उत्सव सुरू केला. म्हणून आता मराठी माणसाला हे ऐकायला लंडनला जावं लागत नाही, एका रात्रीच्या बसने काम होतं. गेलात तर मंचाच्या समोर गर्दीत न घुसता दोन मनोऱ्यांच्या बरोबर मधे, थोडं मागे उभे राहा. तिथे बेस आणि शब्द दोन्ही सारखे पोचतात.

आणि घरी ऐकायचं असेल तर मामेभावाला दिलेलाच गृहपाठ तुम्हालाही देतो. हेडफोन लावा. आधी पॅरागॉन्सचं ‘वेअर यू टू द बॉल’ ऐका, रॉकस्टेडीच्या काळातलं, तीन आवाजांचं गोड गाणं. तोच होल्ट, तोच रीडचा स्टुडिओ. मग लगेच यू-रॉयचं १९७० मधलं त्याच नावाचं गाणं लावा. वाद्यं तीच आहेत. होल्ट एखादी ओळ म्हणतो आणि मिक्सिंगमध्ये त्याचा आवाज ओढून घेतला जातो, ओळ अर्ध्यात सुटते. त्या फटीतून यू-रॉय आत येतो आणि होल्टने आत्ता काय म्हटलं ते ऐकलंस ना, असं त्या ओळीतल्या मुलीलाच विचारतो. मामेभावाने ते रविवारी सकाळी लावलं आणि दुपारी मला फोन केला. “अरे, तो तबकडीतल्या माणसाशी बोलतोय!” म्हणाला, आणि फोन न ठेवता पुन्हा पहिल्यापासून लावलं.